कठड्याची खिटी

रविवारी सकाळी दहा वाजता दादाच्या घरी जेवणाच्या टेबलावर चार खुर्च्यांसमोर चार कागद आणि चार पेनं नीट मांडून ठेवलेली दिसली, तेव्हाच बारकीच्या लक्षात आलं की जे ठरायचं ते ठरून गेलंय. आपल्याला बोलावलंय ते फक्त सहीपुरतं.

बारकी शेहेचाळीस वर्षांची होती. कारखान्यात तिला सगळे ताई म्हणत. तक्रार आणि दुरुस्ती हा विभाग तिच्याकडे होता आणि तिच्या हाताखाली एकवीस माणसं होती. पण भावाच्या घराचा उंबरा ओलांडला की ती पुन्हा बारकी व्हायची. तिला कोपऱ्यातली खुर्ची मिळायची आणि तिने काही बोलायला सुरुवात केली की कुणीतरी चहाचं विचारायचं.

"बस," दादा म्हणाला. "आई, तूही बस. अर्ध्या तासाचं काम आहे."

टेबलाच्या त्या टोकाला काका आधीच बसले होते. त्यांच्या कागदावर सही झालेलीही होती. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यापासून बावीस वर्षं दादा जिथे बोट ठेवेल तिथे सही करणं हेच त्यांचं कंपनीतलं काम होतं आणि ते त्यांनी एकदाही चुकवलं नव्हतं. त्यांच्या शेजारी आई बसली. ब्याऐंशीव्या वर्षीही तिची पाठ ताठ होती, फक्त ऐकायला थोडं कमी येत होतं. हॉस्पिटलचे पलंग बनवायचा हा कारखाना वडिलांनी एका शेडमध्ये सुरू केला, तेव्हा पहिल्या दोनशे पलंगांना रंग आईने स्वतःच्या हाताने दिला होता. मृत्युपत्रात वडिलांनी चौघांना सारखे वाटे दिले होते, आणि मोठा निर्णय असेल तर चौघांपैकी तिघांच्या सह्या लागत.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कंपनीची सगळी खरेदी ती बघायची, पण या टेबलाशी तिला खुर्ची नव्हती. खिडकीपाशी दादाचा मुलगा, म्हणजे बारकीचा भाचा, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. त्याचा चेहरा रात्रभर झोप न झाल्यासारखा दिसत होता.

बारकीने कागद उचलून वाचला. मजकूर तीन परिच्छेदांचा होता. कठड्याच्या खिटीचा सदोष माल पुढे जाऊ दिल्याबद्दल वेल्डिंग शॉपच्या मिस्त्रींना निलंबित करण्यात येत आहे. तक्रार आणि दुरुस्ती विभाग यापुढे थेट व्यवस्थापकीय संचालकांच्या कार्यालयात विलीन होईल. आणि सदर दुर्घटना कामगार पातळीवरील निष्काळजीपणामुळे घडली, असं हॉस्पिटलला कळवण्यात येईल.

तिने कागद खाली ठेवला. 

"कामगार पातळीवरील," ती म्हणाली. "हे कुणी लिहिलं?"

"मी."

"दादा, मिस्त्रींनी काय सांगितलं होतं ते तुला माहीत आहे."

"मला हेही माहीत आहे की माल त्यांच्या शॉपमधून बाहेर पडला."

मंगळवारी पहाटे एका हॉस्पिटलात एक म्हातारी बाई पलंगाच्या कठड्याला धरून उठायला गेल्या. कठडा धाडकन खाली आला आणि त्याच्याबरोबर बाईही. त्यांचं डोळ्याचं साधं ऑपरेशन झालं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी जाणार होत्या. आता खुब्याचं हाड मोडून त्या त्याच वॉर्डात पडून होत्या. कठडा वर धरून ठेवते ती बोटाएवढी पोलादी खिटी. ती वाकली होती.

आणि ती वाकणार हे मिस्त्रींनी एक्केचाळीस दिवस आधी सांगितलं होतं. बारकीला ते पाठ होतं, कारण त्यांनी ते तिच्यासमोरच सांगितलं होतं. नव्या पुरवठादाराकडून आलेली एक खिटी त्यांनी शिकंज्यात धरून पान्याने वाकवून दाखवली होती. "ताई, ही ओल्या काडीसारखी वळतेय. हिच्यावर माणसाचा भार नको."

दीड वर्षापूर्वी भाचा बाहेरून शिकून आला आणि त्याने बापाला पटवलं की बाजार बदललाय, हॉस्पिटलं आता थांबायला तयार नाहीत, तेव्हा आपली कंपनी चपळ झाली पाहिजे. मुलगा मनापासून बोलत होता. दादाला तो शब्द भारी आवडला. महिन्याभरात गेटच्या आत धावत्या चित्त्याचं चित्र लागलं. रोज सकाळी नऊ वाजता प्रत्येक विभागाची दहा मिनिटांची उभी बैठक सुरू झाली. बैठक म्हणायचं आणि उभं करायचं, यावर पॅकिंगमधल्या बाया आठवडाभर हसत होत्या. प्रत्येक शॉपमध्ये पांढरा फळा आला. काम सुरळीत असेल तर हिरवी चिठ्ठी, अडलं असेल तर पिवळी, धोका असेल तर लाल. लाल चिठ्ठी लागली की दोन दिवसांत निकाल, असं भाच्याने लिहून लावलं होतं. कुठलाही बदल करायला पूर्वी सात सह्या लागायच्या, त्या त्याने चारवर आणल्या. दादाने ते आनंदाने मान्य केलं. फक्त एवढंच म्हणाला की सुरुवातीला एकदा मी बघेन आणि शेवटी एकदा मी बघेन. म्हणजे चारांपैकी दोन सह्या त्याच्याच झाल्या, आणि वर्षातले पाच महिने तो प्रदर्शनं आणि परिषदा करत फिरत होता. तिथे तो भाषण द्यायचा. विषय असायचा, आम्ही चपळ कसे झालो.

मिस्त्रींनी लाल चिठ्ठी लावली. 'खिटी मऊ आहे. पलंग थांबवा.' दोन दिवस गेले, दहा दिवस गेले. बदलाचा अर्ज दादाच्या टेबलावर पोचला आणि तिथेच मुरला. तिसऱ्या आठवड्यात बाहेरचे पाहुणे कारखाना बघायला येणार होते. फळ्यावर लाल रंग बरा दिसत नाही म्हणून कार्यालयातल्या कुणीतरी ती चिठ्ठी काढून तोच मजकूर पिवळ्या चिठ्ठीवर लिहून लावला. बारकीने दादाला तीन मेल पाठवले, दोनदा फोन केला. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं. मी आल्यावर बघतो, तोवर कुणी काही करू नका.

"अहो, चहा आणू का परत?" वहिनीने दारातून विचारलं.

"नको," दादा म्हणाला. "सह्या होऊ देत."

"माझी होणार नाही," बारकी म्हणाली.

"तुझी नकोच आहे. काकांची झालीय, माझी आहे. आई, तू कर."

आईने पेन उचललं. आयुष्यभर तिने थोरल्याचा शब्द खाली पडू दिला नव्हता आणि आजही तिचा हात कागदाकडे निघाला होता.

"आई, थांब," बारकी म्हणाली. "आधी ऐक, मग कर. ज्या माणसाने चूक दाखवली, त्यालाच हा घरी बसवतोय. चूक दाबली कुणी, ते या कागदात कुठेही नाही."

"दाबली?" दादाने खुर्ची मागे सरकवली. "तोंड सांभाळून बोल. मी काही दाबलं नाही. माझ्यासमोर रोज चाळीस कागद येतात."

"का येतात? कुणी बोलावलंय त्यांना तुझ्यासमोर? खिटी मऊ आहे हे कळायला मिस्त्रींना एक मिनिट लागलं. तेव्हाच ती बदलायची मुभा त्यांना असती तर विषय तिथेच संपला असता. तू गेटवर चित्ता टांगलास दादा, आणि माणसांच्या पायांत बेड्या घातल्यास."

काका घसा खाकरून म्हणाले, "बारके, मोठ्या भावाशी असं बोलू नये."

"मग कसं बोलू काका? उभं राहून बोलू? दहा मिनिटांत?"

खिडकीपाशी भाच्याने मान खाली घातली.

दादाने स्वतःला आवरलं. तो समजुतीच्या सुरात बोलू लागला. त्या सुराची बारकीला लहानपणापासून चीड होती. "हे बघ. हॉस्पिटलला सोमवारी उत्तर द्यायचंय. आपले असे तीनशे बारा पलंग बाहेर आहेत. उद्यापासून मी एक समिती नेमतो. समिती पंधरा दिवसांत अहवाल देईल. मग टप्प्याटप्प्याने आपण खिट्या बदलू. हे सगळं शिस्तीत झालं पाहिजे."

"बदलून झाल्या," बारकी म्हणाली.

"काय?"

"खिट्या. तीनशे बाराच्या तीनशे बारा. काल संध्याकाळी पाच वाजता शेवटची बसली."

आई काकांकडे वाकून म्हणाली, "काय म्हणाली ती?"

"झालं म्हणते," काका हळूच म्हणाले.

"गुरुवारी सकाळी मी माझी माणसं एकत्र केली," बारकी सांगू लागली. "मिस्त्रींना बोलावलं. विचारलं, कसं करायचं? ते म्हणाले, दोघादोघांच्या जोड्या करू, एका पलंगाला बारा मिनिटं लागतील. एका ड्रायव्हरने रस्ते लावून दिले, कुठलं हॉस्पिटल कुठल्यानंतर घ्यायचं ते. पॅकिंगमधल्या बायांनी प्रत्येक पिशवीत मोजून खिट्या, ग्रीस आणि पान्याची जोडी भरली. दुसऱ्या दिवशी एका जोडीच्या लक्षात आलं की कठडा न काढताही खिटी निघते. त्यांनी बाकीच्यांना फोन करून सांगितलं. बाराची सात मिनिटं झाली. मला विचारलंसुद्धा नाही, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की काय सांगू. एकोणीस हॉस्पिटलं झाली तीन दिवसांत. एकही अर्ज नाही, एकही सही नाही."

दादा टेबलावर पुढे वाकला. "कुणाच्या परवानगीने?"

"माझ्या."

"तुला तो अधिकार नाही. आणि पलंग कुठे कुठे गेलेत ती यादी तुझ्याकडे कशी आली? ती विक्री विभागात कुलपाखाली असते. खिट्या कुठून आल्या? जुन्या पुरवठादाराशी आपला करार संपलाय."

"मी केलं सगळं. एकटीने."

"खोटं बोलू नकोस."

"यादी मी दिली," भाचा म्हणाला.

दादा त्याच्याकडे वळला. मुलाने लॅपटॉप बंद करून बाजूला ठेवला आणि तो उभा राहिला. उंचीने तो बापापेक्षा बोटभर जास्तच होता. पण बापासमोर तो असा ताठ उभा राहिलेला बारकीने कधी पाहिला नव्हता.

"बाबा, लाल चिठ्ठी काढायला मीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "पाहुणे येणार होते. तुम्ही म्हणालात, फळा जरा नीट दिसू दे. मी नीट केला. आत्याने बुधवारी मला त्या वॉर्डात नेलं. काही बोलली नाही, फक्त नेलं. म्हणून मी यादी काढून दिली."

"मी तुला चिठ्ठी काढ म्हटलं नव्हतं."

"नव्हतं म्हटलं. पण तुम्हाला काय आवडेल ते ओळखून वागायचं, हेच सगळे शिकलोय आपण. सकाळच्या बैठकीत कुणी बोलत नाही बाबा. सगळे हिरवं सांगतात. मला वाटायचं, काम छान चाललंय."

"आणि खिट्या मी मागवल्या," दारातून वहिनी म्हणाली.

हे बारकीलाही अपेक्षित नव्हतं. माझं नाव कुठेही येऊ देऊ नकोस, असं वहिनीने गुरुवारी तिच्याकडून वचन घेतलं होतं. वहिनी ओल्या हातांनी आत आली आणि पदराला हात पुसत टेबलाशी उभी राहिली.

"अहो, पुरवठादार बदलायला मी तेव्हाच नको म्हणत होते. तुम्ही म्हणालात, नवा माणूस आठ दिवसांत माल देतो, जुना महिना लावतो, आपल्याला चपळ व्हायचंय. मी त्याच्या पोलादाचा दाखला मागितला, तर म्हणालात, नंतर येईल. तो अजून आलेला नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "जुन्या पुरवठादाराला मी बुधवारी फोन केला. काय झालंय ते खरं सांगितलं. त्याने दुसऱ्यांचं काम बाजूला ठेवून एका दिवसात चारशे खिट्या काढून दिल्या. करार आहे की नाही, हे त्याने विचारलंही नाही."

दादा एकेकाकडे बघत गेला. बायको, मुलगा, बहीण. मग त्याने टेबलावर एवढ्या जोरात मूठ आपटली की आईच्या हातातलं पेन घरंगळत खाली गेलं.

"म्हणजे सगळ्यांनी मिळून माझ्या पाठीमागे केलंत. छान. बावीस वर्षं हे गाडं मी ओढतोय, तेव्हा कुठे होतात? माझी सही लागते म्हणून राग येतो ना तुला? ऐक मग. बाबा गेले त्या वर्षी प्रेसवरच्या एका माणसाने मला विचारलं, साहेब, हातापुढचा गार्ड काढून काम करू का, लवकर उरकेल. मी घाईत होतो. म्हटलं, तुझं तू ठरव. दुपारी त्याची तीन बोटं गेली. सगळ्यांना वाटलं मशीन बिघडलं होतं. मी कुणालाच सांगितलं नाही. त्या दिवशी ठरवलं, यापुढे या कारखान्यात कुणीही स्वतःचं स्वतः ठरवणार नाही."

बारकीला तो माणूस आठवला. पुढे तो गेटवर बसायचा आणि उजव्या हाताच्या उरलेल्या दोन बोटांत पेन्सिल धरून गाड्यांचे नंबर लिहायचा. तिला भावाची दया आली. ती आली याचाच तिला संताप आला, कारण दया आली की या घरात नेहमी विषय मिटायचा.

"हे तू तेव्हाच सांगायला हवं होतंस," ती म्हणाली. "दादा, गार्ड नसेल तर मशीन चालणार नाही, एवढा एक नियम पुरला असता. त्या तीन बोटांसाठी तू अडीचशे माणसांचे हात बांधून ठेवलेस. आणि त्यांनी तोंडाने सांगितलं, तर तेही ऐकलं नाहीस. तुला चूक व्हायला नको होती की चूक दिसायला नको होती?"

दादा पडलेलं पेन उचलायला खाली वाकला.

आईने विचारलं, "त्या बाईंचं वय काय?"

"एक्क्याऐंशी," बारकी म्हणाली.

"माझ्यापेक्षा वर्षाने लहान." आईने समोरचा कागद पुढे ढकलला. "हा मी वाचलाय. मला ऐकायला कमी येतं, वाचता येतं. तुझ्या वडिलांचा एक पलंग असाच परत आला होता, पाय लचकलेला. ते स्वतः टेम्पोत बसून गेले आणि त्या डॉक्टरपुढे हात जोडून आले. मला त्यांचा राग आला होता. म्हटलं, मालक कशाला गेले, माणूस पाठवायचा. ते म्हणाले, माणूस पाठवला तर तो त्यांचीच चूक काढून येईल, मला त्यांची अडचण कळणार नाही." ती दादाकडे वळली. "सही मी करणार नाही. मिस्त्री कामावर राहतील. आणि तू आत्ता जा."

"कुठे?"

"त्या बाईंकडे."

"आई, वकिलांनी सांगितलंय, लेखी उत्तर जाईपर्यंत कुणीही भेटायचं नाही."

"वकील पलंगावरून पडलेला नाही."

काकांनी आपला सही केलेला कागद हळूच स्वतःकडे ओढला, चष्मा लावला आणि बावीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच तो वाचला. वाचता वाचता त्यांचे ओठ हलत होते. "मिस्त्रीला मीच आणलं होतं कामावर," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "एकवीस वर्षांचा होता." मग त्यांनी कागदाची चौघडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली. एवढंच केलं, पण टेबलावर आता तिसरी सही मिळणार नव्हती, आणि दुसरीही राहिली नव्हती.

गाडी बारकीने चालवली. दादा शेजारी बसला होता. 

"काय बोलायचं तिथे?" अर्ध्या रस्त्यात त्याने विचारलं.

"तू भाषणं देतोस. तुला मी काय सांगू?"

हे लागलं त्याला. तिलाही कळलं, पण तिने शब्द मागे घेतला नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "उद्यापासून ज्याला धोका दिसेल तो काम थांबवेल. मग तो झाडूवाला का असेना. थांबवल्यावर तुला कळवेल, विचारणार नाही. हे तुझ्या तोंडून शॉपमध्ये ऐकायचंय मला. नाहीतर मी चाललेच, आणि माझी एकवीस माणसंही राहायची नाहीत."

"धमकी देतेस?"

"हो."

दादा खिडकीबाहेर बघत राहिला. "आणि उगाच थांबवलं कुणी तर?"

"तर तासभर वाया जाईल. इथे एका बाईचा खुबा गेलाय."

वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता. दोन्ही बाजूंना सहा सहा पलंग होते, सगळे त्यांच्याच कारखान्याचे. खिडक्यांना हिरवे पडदे होते आणि फरशीला फिनेलचा वास येत होता. टोकाच्या पलंगापाशी मिस्त्री गुडघ्यावर बसले होते. रविवारच्या सुट्टीच्या दिवशी. ते कठडा वर करत, खाली घेत, पुन्हा वर करत आणि दर वेळी कान लावून ऐकत. दादाला बघून ते उठले.

"मिस्त्री," दादा म्हणाला, "तुमच्यावर एक कागद..."

"कळलं मला साहेब. टाइप करणारा आपलाच आहे." त्यांनी पाना रुमालात गुंडाळला. चेहऱ्यावर रागही नव्हता आणि आदरही नव्हता. "बोलायचंय ते आपण शॉपमध्ये बोलू. इथे आजारी माणसं आहेत."

ते दादाच्या शेजारून निघून गेले. सदतीस वर्षांच्या नोकरीत ते साहेबांपुढे न थांबता असे कधी गेले नव्हते.

म्हाताऱ्या बाई डोळे मिटून पडल्या होत्या. एका डोळ्यावर पट्टी होती. पायाला वजन लटकवलेलं होतं आणि हाताची कातडी कागदासारखी झाली होती. शेजारी स्टुलावर त्यांची मुलगी बसली होती. पोस्टात काम करणारी, पन्नाशीची, केस घाईत बांधलेले. बारकी बुधवारी येऊन गेली होती, म्हणून मुलीने तिला ओळखलं.

"हे माझे मोठे भाऊ," बारकी म्हणाली. "कंपनी यांच्याकडे आहे."

दादाने हात जोडले. "घडलं ते अत्यंत दुर्दैवी आहे. आमच्या कंपनीच्या वतीने मी... आमच्याकडे दर्जाची एक पद्धत आहे, प्रत्येक पातळीवर तपासणी..."

मुलगी ऐकत होती. तिने त्याला मध्येच थांबवलं, तेही अगदी हळू आवाजात, आईची झोप मोडू नये म्हणून.

"मला एकच सांगा. खिटी वाईट आहे हे तुम्हाला केव्हा कळलं?"

बारकी भावाकडे बघत होती. उत्तरं त्याच्याजवळ पुष्कळ होती. चौकशी चालू आहे. अहवाल यायचाय. सांगणं कठीण आहे. यातलं एक जरी त्याच्या तोंडून निघालं असतं, तर ती तिथल्या तिथे खरं काय ते सांगून मोकळी होणार होती. तिने तसं ठरवलंच होतं.

दादाने एकदा त्या पायाकडे बघितलं.

"वेळेवर," तो म्हणाला. "वेळेवर कळलं होतं. माझ्या माणसाने सांगितलं होतं. मी थांबवलं नाही."

मुलीने आईच्या अंगावरची चादर सारखी केली. "माझी आई स्वतःची भाजी स्वतः आणायची," ती म्हणाली. "पिशवी मला उचलू द्यायची नाही. आता डॉक्टर म्हणतात, काठीशिवाय नाही चालणार." आणि मग, "तुम्ही खरं बोललात म्हणून मी तुम्हाला माफ करावं, असं वाटत असेल तर तसं होणार नाही. मी लिहून तक्रार करणार आहे. जिथे करता येईल तिथे सगळीकडे."

"करा," दादा म्हणाला. "मी जे आत्ता बोललो ते लिहून देतो."

तेवढ्यात म्हाताऱ्या बाई कण्हल्या. एक नर्स आली आणि तिने चादर बाजूला केली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांना थोडं कलतं करावं लागत होतं. मुलगी उठली, तिने आईच्या खांद्याखाली हात घातला आणि पलीकडच्या कठड्याकडे एकदा बघितलं.

"तिथे उभेच आहात तर तो कठडा धरा," ती दादाला म्हणाली.

"खिटी नवीन बसवलीय," बारकी म्हणाली. "पक्की आहे. आत्ताच तपासलीय."

"असेल. तुम्ही धरा."

दादाने कोट काढून खिडकीत ठेवला. मग तो वाकला आणि त्याने दोन्ही हातांनी कठडा धरला. नर्सने हळूच त्यांना कुशीवर वळवलं. बाईंचा सगळा भार त्या बाजूला आला आणि त्याच्या मनगटांवरच्या शिरा ताणल्या गेल्या. खिटी जागची हलली नाही. तरी मुलगी सोडा म्हणेपर्यंत त्याने हात काढले नाहीत, आणि तिने सोडा म्हणायला बराच वेळ लावला.